शेवटी जेवण्याची चढाओढ

“बसा म्हणते ना! आधी तुम्ही बसा!”

“न्हाई बसत! तुम्ही बसा आधी!”

“मी मेले तरी तुमच्या आधी बसणार न्हाई!”

“मग मरा! पण जेवून मरा!”

यातला पहिला आवाज माझ्या सासूबाईंचा आणि दुसरा आमच्या भिंतीपलीकडच्या अक्कांचा. देवळामागच्या मांडवात कापणीच्या सणाचं प्रीतिभोजन चाललं होतं (चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो), आणि या दोघी गव्हाच्या खिरीच्या, आमच्याकडच्या हुग्गीच्या, डेगेपाशी एकाच पळीला दोन बाजूंनी लोंबकळत होत्या. आवाज असा, की भालकीच्या ठेसनात उभी असलेली गाडी शिट्टी समजून सुटली म्हणतात. मी काही ते डोळ्यांनी बघितलं नाही. पण गाडी त्या दिवशी वेळेवर सुटली होती, आणि निजामाच्या राज्यापासून त्या गाडीनं तसं कधी केलेलं नव्हतं, एवढं खरं.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बिदर जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात, आणि माझं माहेर उदगीर तेही त्याच जिल्ह्यात. त्यामुळं लग्न होऊन मी भालकीकडच्या त्या खेड्यात आले तेव्हा परक्या मुलखात आल्यासारखं वाटायला नको होतं. पण वाटलं. कारण माझ्या माहेरी लोक भूक लागली की जेवायचे.

इथं तसं नव्हतं. इथली रीत अशी, की कापणीच्या सणाला प्रत्येक घरानं पहिली कणसं, पहिला भोपळा, पहिली अंडी देवापुढं आणायची, आणि मग सगळ्या गल्लीनं एका मांडवात एका पंगतीला बसायचं. वाढणाऱ्या बायकांनी मात्र शेवटी बसायचं, उरेल ते खायचं. इथवर काही वाईट नाही. पण पाळकसाहेब दर वर्षी नेमका त्याच दिवशी उपदेश करायचे, की प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा तुम्हीही आपलं हित मागं ठेवा आणि दुसऱ्याचं पुढं. गल्लीतल्या बायकांनी हे मनापासून घेतलं. इतकं मनापासून, की जी सगळ्यात शेवटी जेवेल ती सगळ्यात मोठी भक्तीण, असं ठरूनच गेलं. पहिला नंबर शेवटच्या पानाला. जगात सगळीकडं माणसं पुढं घुसायला मारामारी करतात; आमच्या गल्लीत मागं राहायला करायची.

त्यात सासूबाई आणि अक्का या दोन पैलवान. बाकीच्या बायका केव्हाच कुस्ती सोडून जेवून मोकळ्या व्हायच्या. आदल्या वर्षी म्हणे दोघींनी एकमेकींची इतकी वाट बघितली, की दोघी उपाशीच घरी गेल्या आणि दोघींनी आपणच जिंकलो असं सांगितलं. या वर्षी निकाल लागायलाच हवा होता.

निकाल लागला तो असा. सासूबाईंनी पळी आपल्याकडं ओढली, अक्कांनी आपल्याकडं ओढली, आणि मधल्यामध्ये डेग कलंडली. गव्हाची, गुळाची, वर सोललेल्या शेंगदाण्यांची हुग्गी! मांडवातून तिचा असा लोंढा निघाला, की नोहाच्या जलप्रलयानंतर आमच्या तालुक्यात तेवढा पूर कोणी पाहिला नव्हता. पाळकसाहेबांनी दोन्ही पाय वर घेतले. आणि कुठून कोण जाणे, आमची कुत्री आली. तिनं कुणाला “आधी तुम्ही” म्हटलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत जीभ फिरवत गेली, आणि पलीकडं पोचली तेव्हा ती कुत्री राहिली नव्हती, नगारा झाली होती.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. पण ख्रिस्ती बायका. भांडण आहे असं कबूल कसं करणार? म्हणून दोघी एकमेकींसाठी प्रार्थना करायला लागल्या. भिंतीकडं तोंड करून.

“हे प्रभू, माझ्या बहिणीचं कठीण काळीज मऊ कर,” सासूबाई म्हणायच्या.

भिंतीपलीकडून लगेच यायचं, “हे प्रभू, मऊ काळजाला जी कठीण म्हणायली, तिला तूच क्षमा कर.”

“आमेन” मात्र दोन्हीकडून एकदम व्हायचं, आणि कौलांवरची कबुतरं बिदरच्या किल्ल्यापर्यंत उडत जायची.

आमच्या घरी त्या वेळी माणसं तीन आणि जनावरं दोन. माणसांत सासूबाई, आमचे हे आणि मी. हे मिशनच्या शाळेत मास्तर होते; घरात दोन बायका बोलायला लागल्या की ते शाळेत वह्या तपासायच्या राहिल्यात म्हणून निघून जायचे, मग शाळेला सुट्टी का असेना. जनावरांत ती कुत्री आणि सासूबाईंची शेळी. शेळीला सासूबाई ‘धाकटी’ म्हणायच्या. मी थोरली सून, शेळी धाकटी. धाकटीला बोरीचा कोवळा पाला आधी, थोरलीला भाकरी नंतर. लाडानं इतकी शेफारली होती, की एकदा तिनं गायनाचं अर्धं पुस्तक खाल्लं, आणि तेव्हापासून तिचं ओरडणं सुरात यायला लागलं. नुकतीच व्याली होती. एकच करडू, काळं, कानावर पांढरा ठिपका.

कुत्री मात्र कुणाचीच लाडकी नव्हती. चोरटी होती. तव्यावरची भाकरी ती मिशी न भाजता उचलायची, आणि तिथंच जाळाजवळ बसलेल्या मला उलटी बाजू भाजायची आठवण व्हायची तेव्हा भाकरीच नसायची. तीही त्याच दिवसांत व्याली होती, पण तिची पिल्लं नाल्याकडून आलेल्या लांडग्यानं नेली. दोन दिवस ती नाल्याच्या काठानं हुंगत फिरली. मग परत येऊन न्हाणीमागच्या राखेत पडून राहिली. आचळं भरून ताठ झाली होती. मी भाकरी टाकली तर तिनं खाल्ली. एवढंच काय ते तिचं दुःख आम्हाला कळलं.

आता खरी गोष्ट. अक्कांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. आठवडा गेला आणि बाळंतिणीला ताप भरला, असा, की अंगाला हात लावला तर चटका बसावा. बिदरच्या दवाखान्यातली नर्सबाई गाडीतून येऊन बघून गेली. तापावर औषध दिलं. पण अंगावरचं दूध आटलं ते आटलंच. म्हशीचं दूध बाळाला पचेना, घातलं की बाहेर. नर्सबाईंनी सांगितलं, “शेळीचं दूध आणा, पाणी घालून उकळा, बोंडल्यानं पाजा. उशीर करू नका, लेकरू वाळत चाललंय.”

अख्ख्या गल्लीत दुभती शेळी एकच. आमची धाकटी.

सासूबाईंचं काळीज दगडाचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. भिंतीपलीकडून त्या पोरीचं रडणं यायला लागलं, बारीक, मांजराच्या पिल्लासारखं, तेव्हा त्यांनी त्याच सकाळी करडाला वेगळं बांधलं, धाकटीची धार काढली, आणि गडवा भरून माझ्या हातात दिला. “जा. दे नेऊन. म्हणावं, लेकराला.”

मी नेऊन दिला. अक्कांनी गडवा घेतला, डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “देव त्यांचं भलं करो.” मग त्यांनी काय करावं? ते दूध तसंच्या तसं गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आंधळ्या अप्पांकडं पाठवून दिलं.

“अक्का, हे लेकरासाठी हाय!” मी ओरडलेच.

“पोरी, कळतंय मला. पण आपल्या नातीचं आधी बघायचं म्हणजे आपलंच बघितलं की. त्या आंधळ्याला कोण हाय?”

आणि रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून गडव्यात ही एवढी गुळाची ढेप घालून त्यांनी तो मला परत दिला.

सासूबाईंनी ढेप बघितली. “गूळ? मला गूळ?” दुसऱ्या दिवशी दुधाच्या गडव्यासोबत गुळाच्या पोळ्या गेल्या. दूध अप्पांकडं गेलं; गडव्यातून शेंगा आल्या. तिसऱ्या दिवशी दुधाबरोबर शेंगांचे लाडू गेले. दूध अप्पांकडं, गडव्यातून तूप आलं. अशी ती देवाणघेवाण वाढत गेली, आणि मी मधल्या मध्ये गडवा घेऊन पळतेय! भिंतीच्या या बाजूला पुण्य, त्या बाजूला पुण्य, आणि त्या दोन पुण्यांच्या मध्ये फक्त आंधळे अप्पा गुबगुबीत व्हायला लागले. गालांवर लाली आली. काठी टाकून चालायला लागले. त्यांना थोडं थोडं दिसायला लागलंय अशीही बातमी उठली, ती बहुधा मीच उठवली असेल.

रडणं मात्र रोज बारीक होत गेलं. भुकेल्या लेकराचं रडणं मोठं असतं तोवर भ्यायचं कारण नसतं. ते बारीक व्हायला लागलं की भ्यावं.

एका दुपारी मी गडवा द्यायला गेले तेव्हा अक्का विहिरीवर गेल्या होत्या. त्यांची लेक बाजेवर पडली होती. डोळे खोल गेलेले. तिनं माझा हात धरला, आणि तिच्या मानानं जोरात धरला.

“वैनी,” ती म्हणाली, “ह्या दोघींच्या चांगुलपणात माझी पोर मरायली बगा.”

मी गप्प. मला गप्प बसलेली कोणी बघितलेली नाही, म्हणून हे लिहून ठेवते. मी तिथंच बोंडलं मागितलं असतं आणि दूध पाजलं असतं, पण तेवढ्यात अक्का आल्या, त्यांनी गडवा उचलला आणि अप्पांच्या वाटेला लागल्या. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय चालत होते. मला त्या क्षणी कळलं, की तिला थांबता येत नाहीये. थांबली तर हरली. आणि नातीच्या पोटासाठी हरली, असं गल्लीनं म्हटलं असतं.

घरी येऊन मी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या धाकटीपुढं पाला टाकत होत्या.

“मी देते की न्हाई?” त्या म्हणाल्या.

“देता.”

“ती घेते का?”

“न्हाई घेत.”

“मग माझा काय गुन्हा? काय करू, जाऊन तिच्या पाया पडू?”

“आत्याबाई, पोर मरायली.”

त्यांनी पाल्याची फांदी खाली ठेवली. आणि नेमकं त्याच वेळी न्हाणीमागून गुरगुर ऐकू आली.

दूध वाचावं म्हणून करडाला आईपासून तोडलं होतं हे मी सांगितलंच. त्याला आम्ही पीठ कालवून पाजायचो, पण पिठानं कुठं लेकराचं पोट भरतं? त्यानं दावं तोडलं होतं आणि ते भुकेनं आंधळं होऊन सरळ कुत्रीच्या पोटाशी घुसलं होतं. मी ओरडणार होते. कुत्री ती, त्यातून चोरटी, त्यातून पिल्लं गेलेली! एका घासात करडाचा निकाल लावेल असं मला वाटलं. तिनं ओठ मागं नेले, सगळे दात दाखवले. करडानं ते दात बघितलेच नाहीत. तोंडानं ढुशी मारली आणि लागलं ओढायला.

कुत्रीनं मान वळवून त्याला हुंगलं. शेळीचा वास, आपला नाही. पुन्हा हुंगलं. मग ओठ खाली आले, आणि ती लांब होऊन राखेत आडवी झाली. एक पाय वर घेतला, करडाला जागा व्हावी म्हणून.

तिच्या तोंडाला भाकरीचा चुरा लागलेला होता. थोड्याच वेळापूर्वी तिनं माझ्या टोपल्यातली भाकरी पळवली होती. म्हणजे आधी स्वतः जेवली होती! कुणाला विचारलं नव्हतं, कुणासाठी थांबली नव्हती. जेवली, पडली, आणि भुकेलं आलं त्याला पाजलं. कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर, ही भानगड तिच्या डोक्यात शिरलीच नव्हती. तिच्यापुढं फक्त ते एक काळं करडू होतं.

मी पुष्कळ उपदेश ऐकले, त्यातले काही झोपून. पण दुसऱ्याचं हित बघणं म्हणजे दुसऱ्याकडं बघणं, हे मला राखेत पडलेल्या त्या चोरटीनं शिकवलं. आम्ही सगळ्याजणी रांगेकडं बघत होतो; मी मागं आहे ना, ती माझ्या पुढं आहे ना. पाय धुताना प्रभूनं आपण किती खाली वाकलोय हे वळून वळून बघितलं असेल असं मला नाही वाटत. त्यानं पाय बघितले असतील. मळलेले होते, धुतले.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. उंबऱ्यावर बसू नये हे मला रोज सांगणारी बाई, स्वतः उंबऱ्यावर बसली. करडाचं पोट तट्ट फुगेपर्यंत त्या बघत राहिल्या. मग उठल्या, पदर कमरेला खोचला, धाकटीचं दावं सोडलं, आणि भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, शेळी ओढत अक्कांच्या दारात शिरल्या. हातात गडवा नव्हता. मी मागून पळाले.

अक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. वर बघितलं, आणि हात थांबले.

“अक्का,” सासूबाई म्हणाल्या, “मला भूक लागलीय.”

अक्कांना कळेना. मलाही कळेना. या बाईच्या तोंडून हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. आमच्या ह्यांनीही त्यांच्या जन्मापासून ऐकलं नसावं.

“भाकरी वाढा मला,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या आधी जेवते मी. तुम्ही मागून जेवा.”

“मागून?”

“माझ्या मागून. समद्यांच्या मागून. आज बी, पुढच्या कापणीला बी. शेवटचं पान तुमचं. ही थोरली साक्षीला हाय.”

तव्यावरची भाकरी जळायला लागली. कुणीही उलटली नाही.

“आन् ही शेळी?” अक्का हळूच म्हणाल्या.

“शेळी हितंच बांधते. दूध लेकराचं. आंधळ्या अप्पाला माझ्या घरून भाकर-भाजी जाईल, त्याची काळजी तुम्ही करू नका. आता वाढताव का मला, का उपाशी मारताव?”

अक्का हात न धुताच उठल्या. पीठ लागलेल्या हातांनी पितळीत भाकरी-वरण वाढून पुढं ठेवलं. मग एकदम आठवण होऊन म्हणाल्या, “आन् करडू? ते काय पिणार?”

“करडाची सोय झाली.”

“कुठं?”

“कुत्रीकडं.”

अक्कांनी सासूबाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या तोंडून जे हसू फुटलं, त्यानं चुलीतली राख उडाली. बाजेवरची बाळंतीणसुद्धा हसली, आणि हसता हसता रडली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या जेवत होत्या. दारात जमलेल्या सगळ्या गल्लीदेखत, एक एक घास मोडून, यजमानीण उभी असताना. त्यांना ते किती जड जात होतं, हे त्या बायकांतल्या फक्त मला आणि अक्कांना कळत होतं. पहाड उचलणं सोपं. शेवटचं पान दुसरीला देणं, तेही आपण आधी जेवून, हे त्या बाईनं कसं केलं ते तिचं तिलाच ठाऊक.

मी दूध उकळलं. अक्कांच्या लेकीनं बोंडल्यानं पाजलं. पोरीनं पहिला घोट बाहेर टाकला. माझा जीव गेला. दुसरा आत राहिला. तिसऱ्याला तिनं बोंडलं धरून ठेवलं आणि सोडेना.

त्या पोरीचं काय झालं ते सांगते, म्हणजे काळजी नको. धाकटी पावसाळ्यापर्यंत अक्कांच्या दारात राहिली, आणि पोर अशी बाळसं धरत गेली, की पुढच्या कापणीला तिला कडेवर घ्यायला दोन बायका लागायच्या. आवाज आजीवर गेला. करडाचंही बरं झालं. फक्त एक खोड राहिली: दारात परका माणूस आला की ते पुढं होऊन भुंकायचं. तुम्ही हसाल. पण आमच्याकडं येणारा एक पोस्टमन त्या बोकडाला भिऊन शेवटपर्यंत फाटकाबाहेरूनच हाक मारायचा, आणि पोस्टमन माणूस खोटं बोलत नाही.

तर त्या दुपारी जेवण उरकून आम्ही दोघी परत निघालो. एका दारातून निघून शेजारच्या दारात शिरायचं, एवढंच अंतर. माझं मन इतकं भरून आलं होतं, की मला गावंसं वाटत होतं, सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. सासूबाई पदरानं तोंड पुसत पुढं चालल्या होत्या.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “केवढं मोठं काम केलंत आज! मी जन्मात विसरणार न्हाई. काय वाटायलंय तुम्हाला?”

सासूबाई थांबल्या. थोडा विचार केला.

“वरणात मीठ न्हवतं,” त्या म्हणाल्या.